लोखंड दाराबाहेर

टेंभरे सरांच्या घरी जाताना चपला पायात राहिल्या तरी चालत, पण अंबाड्यातला आकडा दाराबाहेर काढावा लागे. आकडे, सेफ्टी पिना, किल्ल्या, सगळं ताटलीत. "काकी, लोखंड बाहेर!" हेच त्यांचं या-बसा. पाण्याचं मागाहून विचारत, बहुधा विसरतच.

कुडव्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि पीएच.डी. करत. कधीपासून, ते विचारू नये. मागच्या खोलीत जस्ताची पांढरी भुकटी भाजायची, तिच्यात चिमूटभर मँगनीज घालायचं आणि ती चुंबकासारखी वागते का बघायचं. मी एकदा म्हटलंच, "सर, चुंबक तं बाजारात भेटते. कायले मोहल्ल्यात धूर करून राहिले?"

माझी कीव आल्यागत पाहिलं त्यांनी. "आतमंदी इलेक्ट्रॉन फिरून राहिला, काकी. त्याची खबर ईपीआर मशीनच देते."

ती मशीन दूरच्या शहरात. भुकटी काचेच्या नळीत भरायची, मोठ्या चुंबकाच्या मधे धरायची, वरून मायक्रोवेव्ह सोडायच्या, की म्हणे कागदावर सहा टोकांची रेघ उमटते. लोखंडाचा कण गेला की रेघेचं वाटोळं. मायक्रोवेव्हमधे लोक केक करतात. हे रेघा करणार!

वर्षभरानं नंबर लागला. भुकटी गेली आणि फोन आला. फोन मोहल्ल्यात आमच्याकडेच, म्हणून सगळं माझ्या कानावर. गाईडसाहेब असे ओरडत होते की रिसीव्हर सरांच्या कानाला आणि शिव्या माझ्या भाजीत. रेघ पार फताडी आली होती. भुकटीत लोखंडच लोखंड. प्रबंध पुन्हा अडला.

"किसने पीसा?"

सरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मैंने ही, सर. गलती से लोहे के खल में."

मी निवडती भाजी ठेवली. अहो, त्यांच्या बायकोला, शकुनला, मीच पाहिलं होतं हळदीच्या लोखंडी खलबत्त्यात पांढरं काही कुटताना. "सरचा खांदा दुखून राहिला, काकी. म्हटलं आपणच बारीक करून ठेवावं." साऱ्या मोहल्ल्याच्या पिना काढणाऱ्या या विद्वानानं स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी डोकावलं असेल तर शपथ!

फोन ठेवला तसं मी विचारलं, "काऊन जी लबाड बोलले?"

"मले वाटलं, माया दगडी खलात कुटलं तिनं. तिले नोका सांगू, काकी."

"काऊन नोको? साल गेलं ना तुमचं!"

"जाऊ द्या. लग्न झाल्यापासून त्या खोलीत पाय नोहता टाकला तिनं. मीच टाकू देत नोहतो. पहिल्यांदा माया कामाले हात लावला." चष्मा पुसत बसले. मी भाजी परत पुढ्यात ओढली.

"आता काय करता?"

"नवी भुकटी भाजतो. अन् कुटाले तिलेच बोलावतो, माया खोलीत." दारापर्यंत गेले, मग मागे वळले. "लय मऊ कुटलं होतं, काकी. मैद्यावानी."