प्रभूच्या अंगी वाडीचा सदरा

मुरबाडच्या डोंगरपायथ्याला मोहवाडी नावाची वाडी होती. १९४३ च्या भाद्रपदात तेथे हिवतापाची साथ आली, तेव्हा वाडीत माणसे पुष्कळ होती आणि सदरा एकच होता.

एरवी ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नसती. पुरुषांना लंगोटी पुरत होती आणि बायकांना मांडीपर्यंत खोचलेले लुगडे. भाताच्या चिखलात याहून जास्त कापड अंगावर असले तर ते पायात येते. परंतु तापावरचे कोयनेल फक्त मिशनच्या दवाखान्यात मिळत होते, आणि मिशनने त्याच वर्षी शालीनतेचा नियम केला होता.

मिशनचे प्रमुख फादर तुस्कानो वसईचे. मनुष्य नागवा जन्मतो यात परमेश्वराचा काही हेतू असावा, हे त्यांना मान्य होते. मात्र तो हेतू जन्मानंतर लगेच संपतो असे त्यांचे मत होते. आदाम आणि हव्वा यांना लाज वाटली, मग मोहवाडीला का वाटू नये, हा त्यांचा सवाल होता. त्यासाठी त्यांनी शालीनता समिती नेमली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकल्याशिवाय मिशनच्या आवारात कोणी पाऊल ठेवू नये, असा समितीने ठराव केला.

ठराव मंजूर होतो न होतो तोच अडचण उभी राहिली. समितीच्या चिटणीस मिसेस परेरा या शिवणकाम शिकवायला बांद्र्याहून आल्या होत्या, आणि त्यांचा झगा गुडघ्याच्या वरच संपत होता. मग दुरुस्ती झाली : पायांत मोजे असल्यास गुडघ्याबाबत सवलत.

मिशन निष्ठुर नव्हते. नियमाबरोबर कपड्यांचीही सोय पाहण्यात आली. बांद्र्याच्या भाविकांनी जुन्या कपड्यांचे गाठोडे पाठवले. लढाईमुळे कापड दिसेनासे झाले होते, त्यामुळे गाठोड्यात टोप्या, हातमोजे, गळपट्टे आणि एक सदरा निघाला. टोप्या बुजगावण्यांना गेल्या. सदरा वाडीने सार्वजनिक केला. ज्याला ताप येईल त्याने तो घालावा, औषध प्यावे आणि घामेजलेला सदरा पुढच्याला द्यावा, अशी व्यवस्था लागली. दवाखान्याचा कंपाउंडर कुंडलिक रोग्याचे तोंड पाहत नसे, सदरा पाहत असे.

“फादर, वाडीत रोगी एकच आहे,” त्याने एकदा कळवले. “पण मोठा चिवट आहे. सोमवारी त्याला ताप होता, मंगळवारी पाठीत गळू होते आणि काल तर तो गरोदर होता.”

साथ आटोक्यात असल्याबद्दल समितीने देवाचे आभार मानले.

अशात जैतूची पोरगी बाळी तापाने फणफणली. सहा वर्षांची पोर, दोन दिवस डोळे उघडत नव्हती. जैतूने सदरा अंगात घातला, पोरीला खांद्यावर टाकले आणि बायकोला, जनाला, बरोबर घेऊन मिशनचे फाटक गाठले.

“तू आत ये,” कुंडलिक म्हणाला. “पोरगी उघडी हाय, तिला भाईर ठेव.”

“पन ताप पोरीला हाय.”

“मंग सदरा तिला घाल.”

जैतूने सदरा काढून पोरीला घातला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. इतकी शालीन व्यक्ती मिशनने तोवर पाहिली नव्हती.

“आता ती आत येल,” कुंडलिक म्हणाला. “तू भाईर.”

“ती चालत नाय रे. शुद्धीवर नाय.”

“नियमात चालन्याचा विषय नाय.”

“मंग तू घेऊन जा तिला.”

“मी कंपाउंडर हाय, हमाल नाय.”

“मी आनते तिला,” जना पुढे झाली.

कुंडलिकने तिच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि लगेच नजर आभाळाकडे नेली. “मोजे हायेत का गो तुजेकडं?”

मोजे नव्हते. कुंडलिक काही दुष्ट नव्हता. त्याला नोकरी होती. समितीला विचारून येतो, असे सांगून तो आत गेला. ऊन चढले होते, आणि चर्चचे एक दार थेट रस्त्यावर उघडत असे. सावलीसाठी जैतू आणि जना पोरीला घेऊन त्या दारातून आत शिरली.

समोरच्या भिंतीवर क्रूस होता आणि त्यावर पुरुषभर उंचीचे लाकडी प्रभू होते. वाडीच्या माणसांनी मिशनचा देव कधी पाहिला नव्हता, कारण त्याला पाहण्याजोगे कपडे त्यांच्याकडे नव्हते. जैतू बराच वेळ बघत राहिला.

“जना, ह्यो बी लंगोटीवर हाय.”

“आनि खिळे गो बाय!”

“लंगोटीवर आत आला आसंल. म्हनून ठोकला.”

“आपून फाटकाभाईर ऱ्हायलो ता बरा झाला,” जना म्हणाली.

दोघांनाही त्या माणसाची कीव आली. शिवाय वाडीची एक रीत होती. नवे भात असो, रानातली पहिली भाजी असो, आधी देवाला लावायची आणि मग आपण घ्यायची. हा सदरा देवाला न लावताच वापरात आला होता. साथ हटत नव्हती ती त्याचमुळे, हे जैतूच्या एकदम ध्यानात आले. त्याने पोरीच्या अंगातला सदरा काढला आणि बाकावर चढून प्रभूच्या अंगावर चढवला. हात खिळलेले असल्यामुळे बाह्या मागे नेऊन गाठ मारावी लागली. घटकाभर ठेवायचा आणि परत घ्यायचा, असा त्याचा विचार होता.

तेवढ्यात कुंडलिक समितीला घेऊन त्यांना शोधत आला.

मिसेस परेरा गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “इतकी वर्षे आपल्या कोणाच्या लक्षात कसे आले नाही, फादर?”

फादर मात्र घामाघूम झाले. सदरा राहू द्यावा, तर प्रभू आजवर नियमाबाहेर होते हे कबूल केल्यासारखे होते. काढावा, तर प्रभूची वस्त्रे पूर्वी एकदाच, क्रुसावर चढवताना, उतरवण्यात आली होती, आणि ती ज्यांनी उतरवली त्या शिपायांबद्दल शास्त्राचे मत चांगले नव्हते.

“बिशपसाहेबांना लिहू,” ते अखेर म्हणाले. “उत्तर येईपर्यंत सदरा जैसे थे.”

“आनि माजी पोर?” जनाने विचारले.

“तिच्यासाठी आम्ही प्रार्थना करू.”

“सदरा घालून का सदऱ्याबिगर?”

समितीपुढे हा मुद्दा आलेला नव्हता. जना भयंकर संतापली. तिने पोरीला जैतूच्या हातात दिले, बाकावर चढून गाठ सोडली आणि सदरा ओढून काढला.

“तुला लाज नाय हे मला ठाव हाय,” ती प्रभूला म्हणाली. “तू आमच्यातला हायस. लाज ह्यांना हाय. माज्या पोरीला दे.”

प्रभू पुन्हा पूर्वस्थितीत आल्यामुळे फादरांनी आणि मिसेस परेरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. नियम मोडलेला पाहायला कोणी उरले नाही, तेवढ्या वेळात कुंडलिकने धावत जाऊन कोयनेल आणले आणि पोरीला पाजले. चार दिवसांत बाळी उठून बसली. समितीने प्रभूंना गळ्यापासून पावलांपर्यंत जाड पडदा लावून विषय मिटवला.

ही हकीकत मुरबाडच्या बाजारात आली तेव्हा आम्ही सगळे मुरबाडकर पोट धरधरून हसलो. स्वतःच्या देवाला लाजणारी माणसे! आमच्याकडे असले काही नाही. आमचे पुजारी उघडेबंब असतात. गाभाऱ्यात जाताना आम्ही स्वतः सदरा काढतो. अंगावर कापड जितके कमी, तितके सोवळे जास्त.

दिवाळीत जैतू नवस फेडायला आमच्या देवळात आला. पोरीच्या तापात त्याने ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना साकडे घातले होते. तो लंगोटीवर होता, पोरीच्या अंगात सदरा होता. आम्ही सांगितले, सदरा काढ. त्याने लगेच काढला. मग आम्ही सांगितले, नारळ खालच्या पायरीवर ठेव आणि मागे हो.

“आता का काढू?” जैतूने विचारले.

“अरे, आमच्या देवाला कपड्याचं काही नाही,” आम्ही समजूत घातली.

“मंग कशाचा हाय?”

आम्ही मागे वळून पाहिले. तुम्ही रांगेत आमच्या मागेच उभे होता, अंगातला सदरा काढून घडी करून हातावर घेतलेला. तुम्ही सांगायला हवे होते.