बस्त्यावकाकांचा स्पॅनियल

बस्त्यावकाका माणसांची विभागणी स्पॅनियल कुत्र्यांच्या जातींमध्ये करतात. आम्ही बहारीनमध्ये त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी पाण्याची मोटर कुठे आहे ते दाखवून झाल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू क्लंबर. वजनदार, शांत, उन्हात निकामी." मग माझ्या बायकोकडे वळले. "ही स्प्रिंगर."

"म्हणजे काय?" अनघाचा आवाज जरा चढलाच.

"आल्यापासून घराचा कोपरा न् कोपरा बघून झाला तुझा. एका जागी उभी नाहीस. चांगली जात आहे."

दार लावून घेतल्यावर अनघा म्हणाली, "हा माणूस बरा आहे ना?" मी म्हटलं, तुला चांगली जात म्हणाले, तू कशाला तक्रार करतेस?

काका मूळचे वसईचे. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे सुपरवायझर. वर्कशॉपच्या मागे भंगाराच्या ढिगात त्यांना दोन पिल्लं सापडली होती. आई सलुकी, म्हणजे अरबांचं ते लांब पायांचं, वाऱ्यासारखं पळणारं शिकारी कुत्रं, आणि वडील, काकांच्या शब्दांत, "सलमाबादचेच कोणीतरी." अशा संकराला इंग्रज लोक लर्चर म्हणतात, असं त्यांना एका इंजिनिअरनं सांगितलं आणि पिल्लांचा भाव एकदम वधारला. काकांनी त्यांची नावं ठेवली यल्ला आणि खलास. एकाच्या नावाचा अर्थ 'चला', दुसऱ्याच्या नावाचा 'संपलं'. काका संध्याकाळी गल्लीत हाका मारू लागले की रस्त्यावरचे टॅक्सीवाले गोंधळून मागे बघायचे.

आम्ही येण्याच्या थोडंच आधी काकांना स्पॅनियलचं वेड लागलं होतं, आणि त्याला कारण झाला अबू जासिम. बुदैयाच्या बाजूला त्याची खजुराची बाग आहे. त्याच्या नातवंडांनी पाळलेले ससे पिंजऱ्यातून सुटले, बागेत वाढले आणि सगळा लसूणघास फस्त करायला लागले. काका मोठ्या डौलात दोन्ही लर्चर घेऊन गेले. मोकळ्यावर ते दोघे असे सुटले की अबू जासिम डोक्याला हात लावून बघत राहिला. पण ससे मोकळ्यावर थांबतात कशाला? खजुराच्या बुंध्याशी काटेरी झावळ्यांचं दाट रान, ते त्यात घुसून बसले. लर्चर डोळ्यांनी शिकार करतात. ससा दिसेना, तसे दोघे सावलीत आडवे झाले.

"झाडीतून ससा उठवायला स्पॅनियल पाहिजे," काकांनी निदान केलं. "त्यानं उठवायचा, यांनी धरायचा."

मग पुढचे दोन हिवाळे आमच्याकडे शुक्रवारचा चहा आणि स्पॅनियलची निवड एकदमच चालायची.

"स्प्रिंगर दमदार, पण शिस्त मोडली तर ससा उठल्यावर स्वतःच मागे धावणार. मग माझ्या पोरांनी काय टाळ्या वाजवायच्या?"

"मग ससेक्स घ्या," अनघा म्हणायची. तोवर तिलाही सगळ्या जाती पाठ झाल्या होत्या.

"तो भुंकत भुंकत काम करतो. सगळ्या बुदैयाला कळेल, आम्ही आलोय."

"आणि क्लंबर?"

काका माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "असो."

अखेर ठरलं. कॉकर, पण कामाचा. अंगानं लहान, काट्याखाली शिरणारा, शिट्टी मारली की थांबणारा. "प्रदर्शनातला नको. त्याचे कान त्याच्याच पायात येतात."

त्याच सुमारास मायदेशी परतणारं एक इंग्रज कुटुंब आपला कॉकर कोणाला तरी देऊ पाहत होतं. काका मला घेऊन गेले. बिस्किट नावाचा तो कुत्रा सोफ्यावर झोपला होता. कान जमिनीपर्यंत, पोट कानांच्याही खाली. काकांनी शिट्टी मारली, त्यानं एक डोळा उघडला. चेंडू टाकला, तो मलाच उठून आणावा लागला. घरात खोकी बांधून ठेवलेली होती आणि घरची बाई आमच्यासमोर सारखी डोळे पुसत होती.

"प्रदर्शनातला आहे," मी काकांच्या कानात म्हटलं.

"दिसतंय मला," काका म्हणाले आणि बिस्किटला उचलून गाडीत घेऊन बसले.

एका थंड सकाळी आम्ही सगळे बागेत गेलो. अबू जासिमनं सतरंजी घालून चहा मांडला. बिस्किट सतरंजीवर बसून खजूर खाऊ लागला. काकांनी समजावलं, दटावलं, स्वतः रांगत झाडीत शिरून दाखवलं. मग केव्हातरी बिस्किट कंटाळून उठला आणि झावळ्यांखाली दिसेनासा झाला. लर्चरांचे कान ताठ झाले. काकांनी श्वास रोखला.

बिस्किट बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात सशाचं एक इवलंसं पिल्लू होतं. जिवंत. अलगद, अंडं धरावं तसं धरलेलं. शेपटी हलवत त्यानं ते काकांच्या बुटांजवळ ठेवलं. त्याच क्षणी दोन्ही लर्चर झेपावले. साठी उलटलेला हा माणूस पिल्लावर पालथा पडला आणि ओरडू लागला, "यल्ला! खलास! यल्ला! खलास!"

"यल्ला या खलास?" अबू जासिम गोंधळून ओरडला. "एक बोलो, बस्त्याव!"

काका उठले. कोपर फुटलं होतं, पिल्लू जाकिटात होतं. त्यांनी ते झावळ्यांखाली नेऊन सोडलं आणि जाहीर केलं, "शिकार बंद." पुढच्या दोन-तीन शुक्रवारी त्यांनी लसूणघासाच्या वाफ्यांभोवती जाळी वेल्ड करून दिली. दोन हिवाळे कुत्रा शोधला तो यासाठी का, असं अबू जासिमनं हसत विचारलं. काका म्हणाले, "कुत्रा बरोबरच निवडला."

त्याचा अर्थ मला कळला परवा. अनघानं दिलेली साबुदाण्याची खिचडी द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. काका पायरीवर बसून बिस्किटशी बोलत होते, त्यांच्या गावाकडच्या बोलीत. माझ्या पुणेरी कानांना त्यातलं निम्मंही कळेना. लर्चर फाटकाशी बसून लांब रस्त्याकडे बघत होते. बिस्किट मात्र मान तिरकी करून काकांच्या तोंडाकडे बघत होता.

"काय सांगताय त्याला?"

"काही नाही रे. दुपारी जेवायला काय केलं ते." काका जरा ओशाळले. "तुझी मार्थाकाकू तिकडे वसईला, मी इथे. सगळा संसार फोनवर. रोज विचारायची, आज काय जेवलास? ती गेली. आता विचारत कोणी नाही, पण सांगायची सवय राहिली." त्यांनी फाटकाकडे हात केला. "या दोघांना सांगून बघितलं. गुणी आहेत, पण त्यांची नजर सगळी लांबवर. त्या दिवशी इंग्रजाच्या घरी हा एक डोळा उघडून माझ्याकडे बघत राहिला ना, तेव्हाच ठरलं."

मी खिचडीचा डबा पायरीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसलो. काकांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, बिस्किटच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोंबलाच्या कालवणाची हकिगत जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली. या वेळी हळूहळू आणि मला कळेल अशा मराठीत.