शालिकच्या पायातली एसटी

आमच्या शेजारच्या शालिकची कंबर दिग्रसला असते आणि पायाचा अंगठा यवतमाळला. मधात मांडी म्हणजे दारव्हा, घोटा म्हणजे लोहारा. जन्मभर एसटीत कंडक्टर होता, उभं राहून राहून कंबर गेली. आता कमरेतून पायात कळ उतरते आणि हा तिचे स्टॉप सांगतो.

"आज दारव्ह्यालेच उतरली," म्हटलं की दिवस बरा. "थेट यवतमाळ, विनाथांबा," म्हटलं की त्याच्या वाटेला जाऊ नये.

रोज सकाळी भिंतीवरून मले विचारतो, "काय बे नत्थू, तुही गाडी?"

"चालू आहे," मी म्हणतो. बायकोला जाऊन वर्ष झालं. दुसरं काय सांगू?

शालिकचं तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. शेवटी इथल्या डॉक्टरनं हात टेकले. म्हणाला, यवतमाळला फक्त दुखण्याच्याच डॉक्टरीणबाई आहेत, तिथं जा. तर हा अडून बसला. "तू येशीन तर जातो."

"लेकरू आहेस का बे?"

"येतं का नाही?"

दोन महिने हेच. कंटाळून गेलो. बसमध्ये जागा असून हा दांडा धरून उभा. "बस नं!" तर म्हणे, "कंडक्टर बसते काय?" लोहारा आलं तसा सवयीनं ओरडला. दोन बाया उतरायला उठल्यासुद्धा. खरा कंडक्टर पाहतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

"दहाचं मले समजत नाही. दिग्रसहून सुटते..."

बाई हसली नाही. कागदावर पाय काढला, त्यात गावं लिहिली. म्हणाली, "पूर्ण बंद होणार नाही, काका. पण दारव्ह्याच्या पुढं जाऊ नये असं पाहू."

मी उठलो. शालिकनं खांदा दाबला. "बस. दुसरा नंबर तुह्या नावाचा लावला."

"मले काय झालं?"

"गुडघा. वहिनी तेल चोळे तवा तुही बोंब भिंतीपलीकडं ऐकू ये. आता बोंबलतही नाहीस."

बाईनं मले विचारलं, "बाबा, कसं आहे?"

"चालू आहे."

"खोटं बोलते, बाई," शालिक म्हणाला. "याची गाडी वर्षभरापासून डेपोत उभी आहे."

मी पायजमा वर केला. ती गेल्यापासून तो गुडघा कोणी पाहिला नव्हता.