माझ्या वडिलांचा मासेमारीचा छंद

शवपेटीचं झाकण लागलं की माणसाचं मोल ठरतं, अशी आमच्या चिनी भाषेत चार अक्षरांची जुनी म्हण आहे. अर्थ सरळ आहे: माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्याविषयी अखेरचं मत देऊ नये. वापर मात्र आमच्या थर्मास कारखान्याच्या निवृत्त-कर्मचारी कक्षाच्या अखत्यारीत येतो.

कक्षाची अंत्यविधीतली निरोपाची भाषणं माझे वडील, फांग चिंग्यी, लिहीत. ते वारले आणि प्रशासकीय पेच उभा राहिला: पद रिक्त झालं आणि पहिलंच काम त्यांच्याच निरोपाचं निघालं.

"मी लिहिते," मी कक्षप्रमुख छूकाकांना म्हटलं. "एक वाक्य खरं हवंय. बाबा रोज सकाळी पेज करपवायचे, वरची आम्हाला वाढायचे आणि खरवड स्वतः खायचे."

छूकाकांनी चहाचा घोट घेतला. "पोरी, करपलेली पेज म्हणजे निष्काळजीपणा. मेल्यावर चौकशी लागेल त्याची. शिवाय तू शोकात आहेस. शोकात माणूस पक्षपाती होतो."

"मग लिहिणार कोण?"

"तुझा बापच. त्याच्याइतकं चांगलं इथं कोण लिहितं?"

बाबांनी पूर्वी उपव्यवस्थापक गेंग यांच्यासाठी लिहिलेलं भाषण काढण्यात आलं. नाव बदलण्यात आलं.

निरोपाच्या दालनात छूकाका वाचू लागले. बाबा काटकसरी होते, कामगारांवर माया करत, इथवर ठीक. मग आलं, की सुटीच्या दिवशी ते नदीकाठी गळ टाकून बसत आणि पहिला मासा शेजाऱ्याला देत. बाबा पाण्याला एवढे घाबरायचे, की बादलीही अर्धीच भरत.

"मला दिला होता की एकदा," मागच्या रांगेतला मा नावाचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "हा एवढा."

"एवढासा? माझा मोठा होता," शेजारचा म्हणाला.

आत्या मात्र खरंच रडत होती. मी तिच्या कानाशी वाकले. "आत्या, हे गेंगसाहेबांचं भाषण आहे."

"गेंगनं जन्मात गळ धरला नाही. हे आमच्या आबांचं आहे गं, तुझ्या आजोबांचं, नदीत बुडून गेले त्यांचं. त्यांच्यासाठी कुणी दोन शब्द बोललं नव्हतं."

झाकण लागलं. मोल ठरलं.

पुढच्या आठवड्यात छूकाका घरी आले. पद अजून रिक्त होतं, आणि माझा शोक, त्यांच्या अंदाजानं, संपला होता. भाषणं लिहायला मी होकार दिला.

तेव्हा आमच्या गावात निरोपाला आलात आणि गेलेला माणूस पेजेची खरवड स्वतः खात असे, असं कानावर पडलं, तर दचकू नका. सगळ्यांबरोबर मान हलवा. थोड्या वेळानं तुम्हालाही आठवेल, त्यानं तुम्हाला वरची वाढली होती.