पुन्हा वाळवलेल्या चकत्या

खोक्याचं झाकण उघडं होतं आणि आत एकही चकती नव्हती. कडकशेठ स्वयंपाकघराच्या दारातच थिजले.

ओट्यावर मोठं पातेलं होतं. त्यातून वाफ येत होती आणि वाफेला सफरचंदाचा गोड वास होता. त्यांनी वाकून पाहिलं. काल रात्रीपर्यंत चिवट, कडेला मुडपलेल्या, मधोमध भोक असलेल्या सफरचंदाच्या चकत्या गरम पाण्यात टम्म फुगून एकमेकींना ढुशा देत तरंगत होत्या.

"बघा, कशा टवटवीत झाल्या!" सासूबाई झारा हातात घेऊन कौतुकानं म्हणाल्या. "बिचाऱ्या पार सुकल्या होत्या. माझ्या कवळीला काही झेपेनात. म्हटलं, जरा मऊ कराव्यात. अहो जावईबापू, आणि बाकी—"

"आई!" कडकशेठांचा आवाज चिरकला. "काय केलंत हे!"

"ऐका तरी माझं—"

पण ऐकायला कडकशेठ जागेवर होते कुठे? पातेलं दोन्ही हातांनी उचलून, गरम पाणी पायावर सांडत, ते जिना उतरून खाली दुकानात पोचलेसुद्धा.

दुकान म्हणजे लॉन्ड्री. त्यांच्या इस्त्रीची कॉलर मान मोडली तरी मोडत नसे, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना कडकशेठ करून टाकलं होतं. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट. थोरल्या बहिणीपुढे तर पिळून ठेवलेल्या रुमालासारखा.

आणि या चकत्या त्या बहिणीच्या होत्या. ताईची वर डोंगरावर सफरचंदाची बाग. लागोपाठ दोन हंगाम गारांनी फळाला डाग पडले. डागाळलेलं फळ कुणी हातात धरीना आणि दीर म्हणायला लागला, "वहिनी, बाग विकून टाका, सुटाल." ताई सुटणाऱ्यातली नव्हती. तिनं डाग कोरून काढले, फळांच्या चकत्या केल्या, काठ्यांवर ओवल्या आणि माळ्यावर डोंगरवाऱ्यात वाळवल्या. ना साखर, ना पावडर. पोरांनी तळकट खाऊच्या पुड्यांऐवजी हे खावं, एवढंच तिचं म्हणणं. ते म्हणणं शहरातल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकारी बाईंच्या कानावर गेलं आणि आज दुपारी त्यांनी नमुना घेऊन बोलावलं होतं.

सकाळी तपासणीचा दाखला आणायला निघताना ताई दारात थांबून म्हणाली होती, "खोकं घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात ये. आणि एक सांभाळ, ओल लागू देऊ नकोस."

ओल लागू नये म्हणून तर कडकशेठांनी खोकं वाफेच्या दुकानात न ठेवता वर स्वयंपाकघरात ठेवलं होतं!

"अहो, हे काय?" काउंटरवर बसलेल्या बायकोनं विचारलं.

"तुझ्या आईनं ताईची बाग उकडली!"

"आं?"

"दार लाव आधी. गिऱ्हाईक आत घेऊ नकोस."

कडकशेठांनी चकत्या टॉवेलवर पसरल्या, वर दुसरा टॉवेल घातला आणि हलक्या हातानं दाबलं. पाणी निघालं, पण दोन-चार चकत्यांचा लगदाही निघाला. मग त्यांना आपलं शस्त्र आठवलं. इस्त्री! एका चकतीवर सुती फडकं टाकून त्यांनी अलगद इस्त्री टेकवली. चर्रर्र! फडकं, चकती आणि इस्त्री तिघांचं सख्य झालं. ओढून काढेपर्यंत इस्त्रीच्या तळाला तपकिरी पाक चिकटला. तेवढ्यात नुसतं लोटलेलं दार ढकलून दवाखान्यातले डॉक्टर आत डोकावले. "माझा कोट झाला का?"

"हा काय, शेवटचा हात!" असं म्हणत कडकशेठांनी घाबऱ्याघाबऱ्या तीच इस्त्री कोटावर फिरवली. पांढऱ्याशुभ्र पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला.

बायकोनं कोट झटकन ओढून मागे लपवला. "डॉक्टर, संध्याकाळी या. घरी जरा... आजारपण आहे."

"कोण आजारी आहे? बघू का?"

"नको!" दोघं एकदम ओरडले. डॉक्टर संशयानं बघत निघून गेले.

उरला एकच मार्ग. मागची वाळवणाची खोली. तिथे तारांवर कपडे टांगून गरम हवेचा पंखा सोडत. कडकशेठांनी तारेवरच्या चादरी ओढून खाली टाकल्या आणि एकेक चकती चिमट्यानं तारेला लावली. पंखा पुरता सोडला. दोघं नवरा-बायको घाम पुसत चकत्या उलटीपालटी करत होते. बायको मधेच म्हणाली, "तुम्ही ताईंना फोन करून खरं सांगा ना."

"खरं? ती तिथूनच मला वाळत घालील."

"मग आईलाच विचारूया का, थोड्या तरी—"

"तिचं नाव काढू नकोस!"

कडा मुडपल्या, रंग पुन्हा मधासारखा झाला. कडकशेठांना जरा धीर आला. त्यांनी एक चकती चाखली. सफरचंद होतं, पण मागून खळीची चव आणि साबणाचा हलका सुवास येत होता. आता इलाज नव्हता. चकत्या खोक्यात भरून त्यांनी रिक्षा गाठली.

ताई ऑफिसच्या दारातच उभी होती. "उशीर केलास! खोकं हलकं का लागतंय रे?"

"वाळलंय ना," कडकशेठ म्हणाले आणि जीभ चावली.

अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या होत्या. चष्मा सरकवून त्यांनी दाखला वाचला आणि खोकं उघडलं. ताई सांगत होती, "नुसता डोंगरवारा, मॅडम. काठीवर ओवतो. दुसरं काही म्हणजे काही लागत नाही याला."

बाईंनी एक चकती उजेडात धरली. "मग कडेला हे दात कसले?"

ताईनं चकती हातात घेतली. कडेला चिमट्याचे दोन ठसे स्पष्ट होते. तिनं हुंगली. तुकडा तोडून चावला. मग तिनं मान वळवून भावाकडे पाहिलं. लहानपणी शाईची दौत सांडल्यावर ती असंच बघायची.

थाप मारून निभलं असतं. चिमट्यानं टांगतो म्हणायचं, की झालं. कडकशेठांच्या ओठांवर ते आलंही होतं. पण ताईच म्हणाली, "मॅडम, या माझ्या चकत्या नाहीत. म्हणजे होत्या. आता नाहीत. अशा मी विकणार नाही."

बाईंनी खोकं मिटलं. ताईच्या दिराचा चेहरा, बागेच्या फाटकावरचं कुलूप, सगळं कडकशेठांच्या डोळ्यांपुढून गेलं. "मॅडम, हिची काही चूक नाही," ते उभे राहिले आणि पातेल्यापासून पंख्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचा कोटसुद्धा वगळला नाही.

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणी किती गरम होतं?"

"आं?"

"भिजवलेलं. सासूबाईंना चावता आलं का?"

"मी... विचारलं नाही."

"माझ्या आईला दात नाहीत. सफरचंद चमच्यानं खरवडून भरवते मी. लावा तुमच्या सासूबाईंना फोन."

फोन बाईंच्या कानाला लागला. पलीकडून सासूबाईंचा आवाज अस्पष्ट येत राहिला. बाई नुसत्या म्हणत होत्या, "हं... झाकण ठेवून? ... अच्छा... हो का?... नाही, त्यांनी नाही सांगितलं मला." ताई भावाकडे बघत नव्हती, हे अधिक भीतिदायक होतं.

बाईंनी फोन ठेवला आणि चष्मा काढला. "त्यांनी निम्म्याच भिजवल्या होत्या. बाकीच्या डब्यात भरून फळीवर ठेवल्यात. तेच सांगत होत्या, पण जावईबापू ऐकायला थांबले नाहीत म्हणे."

ताईनं कपाळाला हात लावला.

"डबा घेऊन या," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

ऑर्डर मिळाली. पाकिटामागे 'दात नसल्यास झाकण ठेवून कोमट पाण्यात भिजवा' ही ओळ छापायची, या अटीवर. पण ते नंतरचं. त्या घटकेला कडकशेठ धापा टाकत जिना चढले, तर सासूबाई खुर्चीत बसून होत्या. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर.

"आई, द्या लवकर. खाली रिक्षा उभी आहे."

"आता ऐकायला वेळ आहे?"

कडकशेठांनी डब्याकडे पाहिलं. खालून रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. "आहे, आई," ते म्हणाले.

"मग बसा."

कडकशेठ बसले. सासूबाईंनी घसा खाकरला, पदर सारखा केला आणि अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली, "त्याचं काय झालं, सकाळी मी उठले..."