याकोबमामाची हवा

चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की आमचा याकोबमामा हार्मोनियमची समोरची ओढायची गोल बटनं एकेक करून उपसतो, शर्टाच्या खिशात टाकतो आणि घरी जातो. बटनं ओढल्याशिवाय पेटीत हवा शिरत नाही, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत ती पेटी मुकी. एकदा बाहेरगावच्या एका सिस्टरबाई हौसेनं वाजवायला बसल्या. भाता मारून मारून घामाघूम झाल्या, पण सूर काही निघेना. फादर मामाला म्हणाले, "मामा, पेटी चर्चची आहे हो."

"बराबर हाय, फादर. पेटी चर्चची. हवा माझी."

यावर फादरसुद्धा हसले. याच गोष्टीनं मी जळतो. हेच मी केलं असतं तर?

मी मूळचा इथला नाही. गोव्याच्या हद्दीला लागून आमचं गाव. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. घरी बसून खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून ओळखीच्या एका फादरांनी मला इकडं परतूरला धाडलं. इथल्या फादरांनी चर्चमागची खोली दिली, कापसाच्या जिनिंगमध्ये काम लावून दिलं. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण उपकाराच्या खोलीत झोप हलकी लागते. दार कुणी जरा जोरात लोटलं की वाटतं, आता सामान उचल म्हणणार. म्हणून मी चर्च झाडतो, खुर्च्या लावतो, ढोलकी वाजवतो, सगळ्यांना वाकून 'जय ख्रिस्त' म्हणतो. माझ्याविषयी कुणाची तक्रार नाही. तेच तर दुखतं. मामाशी रोज कुणीतरी भांडतं आणि भांडून झालं की त्यालाच भाकरीवर ठेचा आणून देतं. गाणाऱ्यांतली मार्थामावशी त्याला तोंडावर 'येडं खुळं' म्हणते. मला आजवर कुणी खुळा म्हटलेलं नाही. परक्याला कोण म्हणेल?

मामा आठवडाभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, जिथली सुपारी येईल तिथं. लग्नसराईत तो वरातीतून थेट चर्चला येतो, लाल कोट, सोनेरी झालर, एका खांद्यावर अजून अक्षता. आणि वाजवतोही तसाच. भाकर-द्राक्षारस वेदीकडं न्यायची मिरवणूक निघाली की मामाची पेटी अशी काही ठुमकते की पुढं चालणाऱ्या पोरी नकळत ठेका धरून नाचायच्या बेताला येतात. फादरांनी एकदा समजावलं, मामा, जरा साधं वाजवा.

"बिलकुल न्हाई. नवरदेव येऊन राह्यला वेदीवर. त्याला साधं वाजवू?"

'बिलकुल न्हाई' हे मामाचं आमेन.

तर यंदा बिशपांच्या घरून मिस्सेची नवी पुस्तकं आली. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून लोकांनी द्यायची उत्तरं बदलणार होती. 'पवित्र, पवित्र' या गाण्याच्या ओळी बदलल्या, आणि जिथं आजवर श्वास घ्यायचो तिथं आता एक आख्खा शब्द येऊन बसला होता. फादरांनी गाणाऱ्यांची आणि तरुण पोरापोरींची दर शनिवारी संध्याकाळी तालीम लावली.

पोरं हुशार. वाचून दाखवा म्हटलं की नवं घडाघडा वाचायची. पण मामाची पेटी सुरू झाली रे झाली की सगळ्यांच्या तोंडून जुनंच बाहेर पडायचं. सूर कानात शिरला की जीभ आपल्या वाटेनं घरी जायची. मामानंच तर ते एकेकाच्या तोंडात घातलेलं, त्यांच्या आईबापांच्याही. फादर कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, ढोलकीवरचा एकटा मी बरोबर म्हणतोय.

त्यात माझी कसली हुशारी? आमच्याकडं मिस्सा कोंकणीत. इथलं जुनं माझ्या जिभेवर बसलंच नव्हतं, मग उठवायचं काय? पण फादर म्हणाले, "तू समोर उभा राहा. तुझ्या तोंडाकडं बघून सगळे म्हणतील." आठवीत ज्याला बाकावर उभं केलं होतं, त्याला आता वेदीसमोर उभं केलं. आनंद एवढा की तोंड मिटेना.

आणि त्या दिवसापासून मामा माझ्यावर जळायला लागला.

"या, पोपसाहेब!" मी आलो की तो पेटीवर वरातीची सलामी वाजवायचा. "आठवीवाले पोपसाहेब! जल्दी या, रोम खोळंबलंय."

पोरं खिदळायची. मग मुद्दाम काळी पाचच्या उंच पट्टीत सूर लावायचा, माझा आवाज वर जाऊन फाटला की भोळेपणानं विचारायचा, "काय झालं रे कोकण्या? मासळी अडकली का?" मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, खोलीवर गेल्यावर बरंच वाटायचं. इथं येऊन पहिल्यांदा कुणीतरी मला नावं ठेवत होतं.

आगमनकाळाच्या आठ दिवस आधीच्या तालमीला मात्र हद्द झाली. मामानं जुनीच चाल धरली आणि सोडेना. पोरं पुन्हा जुन्या शब्दांवर घसरली. फादर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले, "मामा, नव्या शब्दांना चाल लावा. नाहीतर आठ दिवसांनी होणारी नवी मिस्सा पेटीशिवाय होईल. हा पोरगा म्हणेल."

मामानं बटनं उपसली आणि निघून गेला. मार्थामावशीनं माझ्याकडं बघितलं. 'येडं खुळं' म्हणताना डोळ्यांत असतं ते नव्हतं त्या बघण्यात. मामा नसलेली मिस्सा मी म्हटली तर या गावात मला पाणी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जुनी मिस्सा उरकली आणि दुपारीच मी त्याच्या घरी गेलो. दारात बसून तो क्लॅरिनेट पुसत होता.

"मामा, तुम्ही या. मी मागं ढोलकीवर बसतो. फादरांना मी सांगतो."

"तुझ्यावर न्हाई राग माझा," तो म्हणाला. "बस."

त्यानं फडकं झटकलं. मग म्हणाला, "लेक माझी, सुवार्ता, नाशिकला दिल्ती. तिची माय गेल्यापासून तीच एक. फोन करत न्हाई जास्त, लेकरंबाळं, ड्युटी. पण रविवारी नऊला तिकडं बी मिस्सा, इकडं बी. मी पेटीवर 'पवित्र' म्हणतो ना, तव्हा ती बी तेच म्हणत असती. माझ्याच मांडीवर शिकली. तेवढंच राह्यलंय आमचं बोलणं. ते बदलू?"

"नाशिकलाही बदलेल की, मामा."

"बिलकुल न्हाई. बदललं असतं तर बोलली असती."

"विचारा तर."

त्यानं फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"पप्पा? आमच्याकडं कवाच बदललं की. गणपतीच्या आधी. बोलायचं राहूनच गेलं बघा." मागं लेकरू रडत होतं. "ठेवू का? मंग करते."

मामानं फोन खिशात टाकला. मला त्याच्याकडं बघवेना. एवढे रविवार तो एकटाच म्हणत आला होता.

मग त्यानं क्लॅरिनेट भिंतीला टेकवलं. "शिकव," म्हणाला. "जल्दी."

मी शिकवायला बसलो. तो चुकायचा, स्वतःलाच शिवी द्यायचा, पुन्हा म्हणायचा. नव्या शब्दापाशी श्वास अडला की मांडीवर थाप मारायचा. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा कुठं एकदा सरळ म्हटलं. तिला ऐकवण्यासारखं झालं का, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, झालं.

त्यावर मला पुन्हा तीच जळजळ लागली. त्याला निदान लेकीच्या बरोबरीनं म्हणायला शब्द मिळाले. माझी आई काय म्हणते ते इथं कुणाला कळणारही नाही.

हे मी बोललो नव्हतो. पण मामानं विचारलं, "तुझी माय कसं म्हणती रे?"

मी कोंकणीत म्हटलं. मधेच आवाज फाटला, पण यावेळी मामा मासळीचं काही बोलला नाही. क्लॅरिनेट उचलून हळूहळू माझ्यामागं सूर शोधत आला.

"तुमच्याकडं कितीला असती मिस्सा?"

"सातला."

"मंग सातला म्हणत जा," तो म्हणाला. "एकटा म्हणू नको पण. मी येतो."