लाल रांगेतला डबा

बाहेर पस्तीस डिग्री, घरात एसी नाही, खिडक्यांची रोलाडेन, म्हणजे बाहेरच्या गुंडाळी झडपा, खाली ओढून आम्ही अंधारात कलिंगड खात बसलो होतो. बेल वाजली. दारात खांबेटे, हातात फूटपट्टी.

"अहो सबनीस, थंडीतले बूट काढा तुमचे. तळ मोजायचाय."

गेल्या वर्षीचा ऑगस्ट, आणि बूट मोजायचे होते डिसेंबरातल्या पोलंडसाठी. मी मुकाट्याने केलरमधून, म्हणजे तळघरातून, बूट घेऊन आलो, कारण खांबेट्यांशी वाद घालण्यापेक्षा तीन मजले चढउतार परवडते. त्यांनी टाचेला, मध्ये आणि चवड्याला पट्टी लावली आणि नकारार्थी मान हलवली.

"चौदा मिलिमीटर. क्राकुफच्या चौकातला दगड तळातून थंडी वर ओढतो. तळ अठराच्या खाली असेल तर माणूस चाळीस मिनिटांत चिडतो, आणि नवराबायकोचं भांडण होतं. आल्झो, बूट बदला. विषय संपला."

'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून सुरुवात आणि 'विषय संपला' म्हणून शेवट. मधल्या जागेत हा माणूस जगाचे सगळे प्रश्न सोडवतो.

वसंत खांबेटे आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात, जर्मनीत, बॉबलिंगेनला. जवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी गिअरचे दाते मोजले. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, मग आमच्या मागे लागले. बायको, सुमनताई, सात वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी, गौरी, 'बाहेर असते'. बाहेर म्हणजे कुठे, असं कुणी विचारलं की खांबेटे चहाला आधण ठेवायला उठत.

दर नाताळात इथली चार-पाच मराठी कुटुंबं पोलंडचे बाजार बघायला जातात, ती खांबेट्यांच्या प्लॅनवर. व्रोत्सवाफ, क्राकुफ, पोझनान, ग्दान्स्क. सहा दिवस, अकरा पानं, रंगीत. प्रत्येक गाडी चाळीस मिनिटं उशिरा येणार हे धरूनच आखलेलं वेळापत्रक. बिनमांसाचे पिएरोगी, म्हणजे तिथले उकडलेले कानवले, कुठल्या टपरीवर मिळतात, कुठल्या चर्चमागचं टॉयलेट स्वच्छ असतं, सगळं त्यात. शिवाय तळटिपा. 'नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश लोक एक ताट जास्तीचं मांडतात, न सांगता कुणी आलं तर असावं म्हणून. त्या ताटावर एकदम बसू नये. आधी विचारावं.' आता आम्हाला पोलंडात कोण जेवायला बोलावतंय! पण लिहिलं होतं.

आणि एवढं सगळं माहीत असलेला हा गृहस्थ स्वतः एकदाही गेला नव्हता. "मला थंडी बाधते," म्हणायचे. बॉबलिंगेनला काय कोकणातलं ऊन पडतं?

आम्ही त्यांचा प्लॅन वापरायचो आणि मागून हसायचो. बूट मोजणाऱ्या खांबेट्यांचा फोटो ग्रुपवर फिरत होता, तो मीच काढलेला. फुकट मिळालेल्या गोष्टीची टिंगल करण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

त्यांचं दुसरं वेड डब्यांचं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन आले. मृदुलाने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा संध्याकाळी धुतला, रिकामा देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर घातली आणि परत केला. खांबेट्यांचा चेहरा पडला.

"इतक्यात? राहू द्यायचा होता की. डबा राहिला की येणं-जाणं राहतं."

तेव्हापासून त्यांचे दोन डबे कायम आमच्या ओट्यावर आणि आमचे दोन त्यांच्या. त्यांच्या प्रत्येक डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे: सौ. सुमन व. खांबेटे.

प्लॅनमध्ये एक रांग लाल असायची. व्रोत्सवाफ, दुसरा दिवस, एका हॉस्पिटलसमोरची बेकरी, मोकळा वेळ अर्धा तास. बघण्यासारखं तिथे काहीही नाही. लोक कुरकुर करत, पण खांबेटे ऐकत नसत. जो जाईल त्याच्याकडे ते चकल्यांचा एक डबा देत. "एक मुलगी येईल. तिला द्यायचा. परत मागायचा नाही." दरवर्षी कुणीतरी डबा नेई, आणि दरवर्षी तो परत येई. खांबेटे झाकण उघडून आत बघत, "बरं" म्हणत आणि दार लावून घेत. कोण मुलगी, हे कुणी त्यांना विचारलं नाही. मीही नाही. आम्हाला बाजार गाठायचा असायचा.

गेल्या डिसेंबरात डबा माझ्याकडे आला.

मृदुला बाजारातल्या बुटक्यांच्या पितळी पुतळ्यांचे फोटो काढत होती, म्हणून बेकरीत मी एकटाच होतो. बरोबर अकरा वाजता एक तरुण डॉक्टर आत आली, हॉस्पिटलच्या कपड्यांवर जाकीट चढवलेलं. तिने डबा पाहिला, मग मला.

"यंदाचे तुम्ही का, काका?"

एवढं मराठी ऐकूनच मला कळलं. नाक तर हुबेहूब खांबेट्यांचं.

गौरीने काउंटरवरून कागदी पिशवी मागून घेतली आणि उभ्या उभ्याच चकल्या तिच्यात ओतल्या. निम्म्या मोडल्या. मग डबा रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे सरकवला.

"राहू दे की तुझ्याकडे," मी म्हणालो.

"ठेवला तर परत द्यावा लागतो, काका." ती हे शांतपणे म्हणाली. "त्यांनाही माहितीये ते. म्हणून तर आईच्या नावाचा पाठवतात."

मी काहीतरी विचारलं असणार, कारण ती बसली. "आई आयसीयूत होती. मी इथे शेवटच्या वर्षाला. बाबा रोज फोनवर सांगायचे, आई स्थिर आहे. गुरुवारचा पेपर दे, शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. आई बुधवारी गेली." तिने पिशवीचं तोंड दुमडलं. "तिकीट खिडकीजवळचं होतं. मला खिडकी आवडते ना, म्हणून."

"त्यांना वाटलं असेल, तुझं वर्ष..."

"हो. तेच म्हणतात ते. माझ्या भल्यासाठी." ती उठली. "वर्षातून एक मेसेज करते मी, वेळेचा. स्वतः आलात तर खाली उतरणार नाही, हेही एकदाच सांगून ठेवलंय. त्यांना सांगा, चकल्या चांगल्या झाल्यात."

तिने एकही खाल्ली नव्हती.

पुढची तीन शहरं मी कशी पाहिली ते विचारू नका. सॅकमध्ये रिकामा डबा आणि त्याच्या झाकणाचा खडखड आवाज. मी तो शेवटी मफलरमध्ये गुंडाळला. मला स्वतःची लाज वाटत होती. सहा वर्षं माझ्या डोक्यावर हा माणूस एकटा चकल्या पाडत होता, आणि मी त्याचे फोटो काढत होतो.

परत आलो तेव्हा खांबेटे जिन्यातच उभे होते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा धरून, बरोबर वेळेवर.

"डबा?"

त्यांचा हात पुढे आलेला होता. दरवर्षी तसाच येत असणार. मला तो हात बघवला नाही.

"तिच्याकडेच राहिला," मी म्हणालो.

ते मोजमापाचे पक्के. "राहिला म्हणजे? विसरली, की ठेवून घेतला?"

"ठेवून घेतला."

खांबेटे जिन्याच्या पायरीवर बसले. 'आल्झो' नाही, 'विषय संपला' नाही. मग म्हणाले, "चकल्यांचं काही बोलली?"

"चांगल्या झाल्यात म्हणाली." एवढं एक तरी खरं होतं.

घरात आल्यावर मृदुलाला सगळं सांगितलं. मला वाटलं, बरं केलंस म्हणेल. ती सॅकमधला डबा बघत राहिली. "तू तेच केलंस रे. त्यांनी गौरीशी केलं तेच." मी चिडलो. खूप चिडलो.

यंदा ऑगस्टात बूट मोजायला कुणी आलं नाही. मीच वर गेलो.

"नाही करत यंदा प्लॅन," खांबेटे म्हणाले. प्रसन्न दिसत होते, दाढी घोटलेली. "ती येईल ना डबा द्यायला. तिच्या ड्यूट्यांचं काही नक्की नसतं. मी घरी असायला हवं. गेनाऊ, बरोबर ना?"

मार्चमध्ये पुण्यात भाच्याचं लग्न होतं, तिथे गेले नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी तीन आठवड्यांची कूर लिहून दिली होती, हवापालट आणि व्यायाम, तीही रद्द केली. बाजारहाट करायचे ते आमचं कुणीतरी घरी असताना, जाताना बेल वाजवून सांगायचे, "कुणी आलं तर वीस मिनिटं थांबवा." ग्रुपवर लोक मला विचारत होते, पोलंडचं काय झालं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? मी ग्रुप सोडला.

चोवीस डिसेंबरला चार वाजताच अंधारलं. मी डबा कापडी पिशवीत घातला आणि वर गेलो. आता सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.

बेलवरून बोट काढायच्या आत दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"अच्छा, तुम्ही," खांबेटे म्हणाले. "या, या."

आत तळणाचा वास होता. टेबलावर दोन ताटं मांडलेली. मी येणार हे यांना कसं कळलं, असं म्हणत मी खुर्ची ओढली.

"तिथे नको हो, सबनीस." त्यांनी माझा दंड धरला, हलकेच. "ते स्टूल घ्या."

मी स्टुलावर बसलो. पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये धरून ठेवली. त्यांनी मला चकली दिली. चांगली झाली होती.

"पिशवीत काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "केलरमध्ये ठेवायचंय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ताट अर्धा इंच सरळ केलं. "येईल. उशीर धरूनच चाललोय मी."

मी खाली उतरलो, आणखी तीन मजले उतरून केलरमध्ये गेलो, आणि डबा थंडीतल्या बुटांच्या मागे ठेवला.